धामणीची कमान

(लाकडाच्या दांडक्यापासून धनुष्य तयार करणे हे माणसाचे फार जुने काम आहे. म्हसवड गावातील एका मुलाने शेजारच्या वृद्ध सुताराच्या हाताखाली असे धनुष्य कसे तयार केले, त्याची हकिगत या पाठात आली आहे.)

२०२१ सालच्या जुलै महिन्यातली ही गोष्ट आहे. मी तेव्हा आठवीत होतो. करोनाच्या साथीमुळे आमची शाळा बंद होती आणि वर्ग मोबाइलवर भरत होते. त्याच महिन्यात टोकियो येथे ऑलिंपिक सामने सुरू झाले. तिरंदाजीच्या भारतीय संघात प्रवीण जाधव होते. ते फलटण तालुक्यातील सरडे गावचे. फलटण तालुका आमच्या माण तालुक्याला लागूनच आहे. त्यांचे आईवडील मजुरी करून घर चालवत. अशा घरातल्या मुलाने जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या तिरंदाजाला हरवलेले आम्ही पाहिले. पुढच्या फेरीत ते पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूकडून हरले. पण आमच्या गल्लीतल्या मुलांच्या डोक्यात कमान शिरली ती शिरलीच.

खेळाडू वापरतात ती कमान फार महाग असते. माझे अब्बा गाद्या भरण्याचे काम करतात. त्या वर्षी त्यांच्या हाताला काम कमीच होते. त्यांच्याकडे पैसे मागायची मला हिंमत झाली नाही. मी बांबूची एक फाक आणली आणि कोयत्याने तासून कमान केली. वरचे हिरवे कवच मी घासून घासून गुळगुळीत केले. एका जागी बांबू छान वाकत होता. तिथे मी आणखी तासले. दोरी बांधून पहिल्यांदा जोराने ओढली, तोच कडकन आवाज झाला आणि कमानीचे दोन तुकडे झाले. एक तुकडा माझ्या कानाजवळून गेला. धाकटी बहीण शेजारीच उभी होती. थोडक्यात डोळा वाचला तिचा.

अम्मी रागावली ते सांगायला नकोच. तुकडे चुलीत जाणार होते. पण मी ते उचलले आणि शेजारच्या सुतारनानांकडे गेलो.

नानांचे वय सत्तरीच्या पुढे होते. नांगर, वखर, बैलगाडीची चाके यांत त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी तुकडे हातात घेतले, चष्मा पुसला आणि तुटलेली जागा नीट पाहिली.

"दोन चुका केल्यास," ते म्हणाले. "एक म्हणजे, बांबूची पाठ तासलीस. दुसरी म्हणजे, जिथे तो वाकत होता, तिथेच आणखी तासलास."

"पण नाना, तिथे तो छान वाकत होता!" मी म्हणालो.

नाना हसले. अंगणातल्या लिंबाची एक ओली फांदी त्यांनी तोडली आणि माझ्यासमोर वाकवली. बाहेरच्या बाजूची साल ताणली जाऊन तडकली. आतल्या बाजूच्या सालीला सुरकुत्या पडल्या.

"पाहा," ते म्हणाले, "वाकताना बाहेरची बाजू ताण सोसते. ती कमानीची पाठ. आतली बाजू दाब सोसते. ते कमानीचे पोट. बांबूचे सगळे बळ त्याच्या कवचात असते. ते तू घासून टाकलेस. पाठीचे धागे एकदा तुटले, की ताण सोसणार कोण? म्हणून तासायचे ते पोटाकडून. पाठीला हात लावायचा नाही."

मग ते आत गेले आणि पडवीच्या आढ्यावरून एक दांडके काढून घेऊन आले. ते पाच फूट लांब होते. पाचर मारून ते उभे फोडलेले होते आणि त्याच्या दोन्ही टोकांना रंग फासलेला होता.

"हे धामणीचे लाकूड," नाना म्हणाले. "पाटणकडच्या डोंगरात वादळाने झाड पडले होते. तिथल्या एका सुताराने मला दिले. दोन वर्षे वाळते आहे."

धामण हे सह्याद्रीच्या रानात वाढणारे झाड आहे. त्याचे लाकूड चिवट आणि लवचीक असते. कावडीचे आणि अवजारांचे दांडे त्यापासून करतात. संस्कृतात या झाडाला 'धनुर्वृक्ष' असेही म्हणतात, हे मला नंतर आमच्या सरांकडून कळले.

"टोकांना रंग कशाला लावला, नाना?"

"लाकडातले पाणी सर्वांत आधी टोकांतून निघून जाते. टोके लवकर आकसतात, मधला भाग ओलाच राहतो आणि लाकूड तडकते. रंग लावला, की पाणी सावकाश निघते. आपल्या माणदेशात पाऊस कमी आणि हवा कोरडी. इथे लाकूड वाळते लवकर आणि तडकतेही लवकर. म्हणून सांभाळावे लागते."

नानांनी बोटाने दांडक्यावर टिचकी मारली. टणटण आवाज आला.

"घे," ते म्हणाले. "पण माझी एक अट आहे. मी हात लावणार नाही. सांगेन मी, करशील तू. आणि घाई केलीस, तर लाकूड परत घेईन. असे लाकूड माझ्याकडे हे एकच आहे."

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झाले. सकाळी मोबाइलवरचा वर्ग संपला, की मी नानांच्या पडवीत जाई. मी 'कमान' म्हणे, नाना 'कमठा' म्हणत. आमच्या घरात अब्बा 'तीर-कमान' म्हणतात. गावात त्यालाच 'तिरकमठा' म्हणतात. 'तीर' हा शब्द फारसीतून आला आणि इकडच्या कमठ्याशेजारी जाऊन बसला. आता दोघांचा मिळून एकच शब्द झाला आहे.

आधी मी दांडक्याची साल हळूच सोलली. सालीखालचा गुळगुळीत भाग ही कमानीची पाठ. तिला पुढे हत्यार लागणार नव्हते. मग पाठीवर मधोमध एक रेघ मारायची होती. मी पट्टी शोधू लागलो.

"पट्टी नको," नाना म्हणाले. "लाकडाचे धागे जिकडे वळतात, तिकडे रेघ वळू दे. रेघ सरळ मारलीस, तर धागे मध्येच कापले जातील. कमान दिसायला वाकडी असली तरी चालेल, धागे अखंड असले पाहिजेत."

मी कोळशाने रेघ ओढली. ती थोडी नागमोडी आली. मध्यभागी चार इंचांची मूठ आखली. मुठीजवळ दीड इंच रुंदी ठेवली आणि ती टोकांकडे कमी करत अर्ध्या इंचावर आणली. वाकसाने जादा लाकूड काढले, मग रंधा धरला. या कामात आठ दिवस गेले. माझ्या तळहातांना फोड आले. पण दांडक्याला कमानीचा आकार येऊ लागला.

अशीच अर्धवट राहिलेली एक कमान फार प्रसिद्ध आहे. १९९१ साली ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सीमेवरील आल्प्स पर्वतात, बर्फामध्ये एका माणसाचा देह सापडला. तो माणूस सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा होता. त्याच्याजवळ तांब्याच्या पात्याची कुऱ्हाड होती, बाणांचा भाता होता आणि सुमारे १८२ सेंटिमीटर लांबीची लाकडी कमान होती. त्या कमानीवर तासल्याच्या खुणा तशाच होत्या. काम पुरे होण्याआधीच तो मरण पावला. ही माहिती सरांनी मला सांगितली, तेव्हा मी माझ्या कमानीवरच्या वाकसाच्या खुणांवरून हात फिरवला. एवढ्या वर्षांत हत्यारे बदलली. पण लाकूड तासणाऱ्याचे काम तेच राहिले, असे मला वाटले.

आता खरे अवघड काम पुढे होते. कमान वाकवायला शिकवायची होती.

नानांनी भिंतीत एक लाकडी खुंटा ठोकायला सांगितला. कमानीची मूठ त्या खुंट्यावर ठेवायची, दोन्ही टोकांना लांब, सैल दोरी बांधायची आणि खाली जमिनीजवळ बसवलेल्या कप्पीतून ती ओढायची. कप्पी जुन्या आडाची होती. दोरीला अब्बांचा हुकाचा वजनकाटा अडकवला. किती जोर लागतो ते त्यावर कळे. कमानीच्या मागे भिंतीवर मी खडूने दोन-दोन इंचांवर आडव्या रेघा मारल्या. मी दूर उभा राहून दोरी ओढी आणि रेघांवर नजर ठेवून पाही. डावे पाते उजव्या पात्याइतकेच खाली येते का? वाक सगळीकडे सारखा आहे, की एखाद्याच जागी आहे?

"तुला किती जोराची कमान हवी?" नानांनी विचारले.

"पंधरा किलोची!" मी म्हणालो.

"मग काट्यावर पंधरा दिसले, की थांबायचे. कमान दोनच इंच वाकली असली तरी थांबायचे. त्याहून जास्त ताण तिला कधीच द्यायचा नाही. थोडे खरवडायचे, वीस-तीस वेळा हळूहळू ओढून सोडायचे आणि मग पाहायचे. लाकडाला नवे वळण समजायला वेळ लागतो."

पहिल्या दिवशी कमान जेमतेम तीन इंच वाकली. उजवे पाते अगदी ताठ होते. मी त्यावर कोळशाची खूण केली आणि पोटाकडून काचेच्या तुकड्याने खरवडले. लाकडाचे पातळ पापुद्रे गळून पडले. वीस-तीस वेळा ओढले, पुन्हा पाहिले, पुन्हा खूण केली. चौथ्या दिवशी कमान आठ इंच वाकू लागली. पाचव्या दिवशी मला काहीतरी वेगळे दिसले.

डाव्या पात्यात, टोकापासून हातभर आत, लाकडात एक लहान गाठ होती. त्या गाठीपाशी कमान जास्त वाकत होती. बाकीचे पाते सरळ आणि तेवढीच जागा दुमडल्यासारखी, जणू दाराची बिजागरी! मला बांबूची कमान आठवली आणि पोटात गोळा आला.

नानांनीही ते पाहिले होते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता नीट ऐक. जिथे वाकते, तिथे हात लावायचा नाही. जिथे वाकत नाही, तिथे हात लावायचा. लाकूड काढता येते, परत चिकटवता येत नाही. ही जागा कमजोर आहे. तिला बळ देता येणार नाही. मग काय करायचे?"

"बाकीचे सगळे तिच्याएवढे नरम करायचे," मी हळूच म्हणालो.

"बरोबर. दुसरे पातेसुद्धा. मग ताण सगळीकडे वाटला जाईल आणि गाठीवर एकटीवर भार येणार नाही."

"पण मग कमान पंधरा किलोची होणार नाही!"

"नाही होणार. आठ किलोची झाली तरी पुष्कळ."

मी निराश झालो. आठ किलोची कमान म्हणजे लहान मुलांची! गल्लीतल्या मुलांना मी पंधरा किलो सांगून बसलो होतो. गाठ लहानच आहे, कदाचित टिकेलही, असे मी नानांना म्हणून पाहिले.

"कदाचित टिकेल," नाना शांतपणे म्हणाले. "दहा वेळा टिकेल, अकराव्या वेळी तुटेल. त्या वेळी जवळ कोण उभे असेल ते मला माहीत नाही. कमान तुझी आहे. तूच ठरव."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या घराच्या भिंतीवर दादाजानांची कापूस पिंजण्याची जुनी कमान टांगलेली आहे. तिच्या तातीचा टणत्कार ऐकू आला, की लोक गाद्या-उशा घेऊन बाहेर येत, असे अब्बा सांगतात. यंत्रे आली आणि ती कमान भिंतीवर गेली; पण इतक्या वर्षांत ती तुटली नाही. तिच्याखाली बहीण झोपली होती. मी तिच्याकडे पाहिले आणि माझे ठरले.

सकाळी मी नानांकडे गेलो, काचेचा तुकडा उचलला आणि ताठ भाग खरवडू लागलो. नाना काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त माझ्यासाठी चहा मागवला.

पुढचे काम सहा दिवस चालले. काट्यावरची मर्यादा आम्ही आठ किलोवर आणली. डावे पाते, मग उजवे पाते, मग पुन्हा डावे. गाठीच्या जागेला मी एकदाही हात लावला नाही. हळूहळू ती बिजागरी दिसेनाशी झाली आणि खुंट्यावरची कमान द्वितीयेच्या चंद्रकोरीसारखी दिसू लागली. अब्बांनी गादी शिवायच्या जाड दोऱ्याचे अनेक पदर एकत्र पिळले, त्यांवर मेण चोळले आणि दोरी करून दिली. दोरी चढवली, तेव्हा मूठ आणि दोरी यांत वीतभर अंतरही नव्हते. चोवीस इंच ओढल्यावर काट्यावर बरोबर आठ किलो दिसले.

नेम धरण्यासाठी अब्बांनी जुन्या कापसाने एक पोते घट्ट भरून दिले. आम्ही ते नदीकाठच्या मोकळ्या जागेत एका उंच बांधाला टेकवून ठेवले. नानांनी तीन नियम सांगितले. पोत्याच्या मागे किंवा पुढे कोणी असताना बाण लावायचा नाही. माणसावर किंवा जनावरावर गमतीनेही नेम धरायचा नाही. आणि बाण न लावता दोरी ताणून कधी सोडायची नाही. कारण बाणाला मिळायचा सगळा जोर मग कमानीलाच सोसावा लागतो आणि ती तुटते.

मी दहा पावलांवरून पाच बाण सोडले. दोन लागले. मग बहीण पुढे आली.

"भाईजान, मला?"

बांबूची कमान तिला वाकवताही आली नव्हती. पंधरा किलोची झाली असती, तर हीदेखील तिला ओढता आली नसती. मी कमान तिच्या हातात दिली. तिने माझ्याएवढी नाही, पण वीस इंचांपर्यंत दोरी ओढली आणि सोडली. बाण थेट पोत्यात शिरला. दुसराही शिरला. तिसराही!

घरी आल्यावर आम्ही कमानीची दोरी उतरवली. कमान सतत ताणलेली ठेवली, तर तिला तसेच वळण पडते आणि तिचा जोर जातो. मग दादाजानांच्या कमानीशेजारी एक खिळा ठोकून ती तिथे टांगली.

काही दिवसांनी नानांना धामणीचे आणखी एक दांडके मिळाले. त्यांनी माझ्यासमोर त्याच्या टोकांना रंग लावला आणि ते आढ्यावर ठेवून दिले. "दोन वर्षांनी या," ते म्हणाले. 'ये' म्हणाले नाहीत, 'या' म्हणाले. बहीणही माझ्याबरोबर होती.

२०२३ सालच्या ऑगस्ट महिन्यात बर्लिन येथे तिरंदाजीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी तिथे जगज्जेती ठरली. साताऱ्यातच सराव करणारा नागपूरचा ओजस देवतळे हाही पुरुषांत जगज्जेता झाला. त्यांच्या धनुष्यांना चाके असतात. ती लाकडाची नसतात. तरी त्यांतही दोन्ही पात्यांचे काम एकमेकांशी जुळावेच लागते.

त्याच पावसाळ्यात आम्ही नानांच्या आढ्यावरून ते दांडके खाली काढले. या वेळी वाकस आणि रंधा बहिणीच्या हातात होता. कमान खुंट्यावर चढली. मी दोरी ओढली. वरच्या पात्यात एक जागा जरा जास्त वाकत होती. बहिणीने काच उचलली आणि नेमकी तिथेच टेकवली.

नाना काही बोलणार, एवढ्यात मीच म्हणालो, "थांब! जिथे वाकते, तिथे हात लावायचा नाही."

नानांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर ठेवला.

शब्दार्थ

धनुष्य, कमठा – कमान
बाण – तीर
भाता – बाण ठेवण्याची पिशवी, तरकश
पाते – धनुष्याच्या मुठीच्या दोन्ही बाजूंचा वाकणारा भाग
पाचर – लाकूड फोडण्यासाठी मारायचा निमुळता तुकडा
वाकस – लाकूड तासण्याचे सुताराचे हत्यार
रंधा – लाकूड गुळगुळीत करण्याचे हत्यार
चिवट – सहज न तुटणारे
तात – आतड्यापासून केलेली दोरी
आढे – छपराचे मुख्य लाकूड
पोटात गोळा येणे – खूप भीती वाटणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखकाची पहिली कमान कशाची होती?
(आ) नानांनी लेखकाला कोणती अट घातली?
(इ) कमानीची दोरी कोणी तयार करून दिली?

२. कारणे लिहा.
(अ) नानांनी दांडक्याच्या टोकांना रंग लावला होता.
(आ) पाठीवरची रेघ पट्टीने मारायची नव्हती.
(इ) बाण न लावता दोरी ताणून सोडू नये.

३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) गाठीच्या जागेमुळे कोणती अडचण आली आणि ती कशी दूर केली?
(आ) कमान आठ किलोची झाली, हे चांगले झाले असे तुम्हांला वाटते का? का?

४. 'तीर' आणि 'कमान' हे फारसीतून मराठीत आलेले शब्द आहेत. असे आणखी पाच शब्द शोधा आणि त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

५. उपक्रम : तुमच्या परिसरातील एखाद्या कारागिराला भेटा. तो कोणती हत्यारे वापरतो आणि कामात कोणती काळजी घेतो, ते विचारून दहा ओळी लिहा.